हळू, अजून हळू

आमच्या घरात 'हळू' या एका शब्दावरून जितकी भांडणं झाली तितकी सासू-नणंदांवरूनही झाली नाहीत. दार हळू लाव, टीव्ही हळू कर, असलं हळू नव्हे. गाताना हळू. आमचे हे देवळातल्या क्वायरचे मास्तर. देऊळ म्हणजे चर्च. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत देऊळच म्हणतात. मी त्याच क्वायरमध्ये वरच्या पट्टीत गाणारी, लग्नाच्याही आधीपासूनची. म्हणजे आठवडाभर नवरा आणि शनिवारी संध्याकाळी मास्तर, असा दुहेरी जाच मी उभा जन्म सोसला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात म्हणून मीही म्हणते, घरी भाजी वाढतानासुद्धा.

मास्तरांचा उजवा हात ताल धरायचा आणि डावा आम्हाला आवाज किती ते सांगायचा. तळहात वर उचलला की वाढवा. तळहात उलटा करून खाली दाबला की हळू. माझ्या वाट्याला कायम तो उलटा तळहात. "अहो, याहून हळू म्हणजे तोंडच बंद करू का?" असं मी भर तालमीत विचारलेलं आहे. "बंद नको करूस. पण आता बंद होणार, असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे," असं उत्तरही मिळालेलं आहे. बाकीचे खुदुखुदु हसायचे आणि मी घरी येऊन भांडी आपटायची.

या सगळ्या भांडणांच्या मुळाशी होतं एक रेक्विएम. रेक्विएम म्हणजे मेलेल्यांसाठी म्हणायची लॅटिन उपासना. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या संगीतकारांनी ती चाली लावून अशी काही वाढवून ठेवली की गायला शंभर माणसं, वाजवायला तितकीच, वर चार गाणारे एकेकटे उभे. त्यातलं एक यांनी लग्नानंतर लगेचच मला कॅसेटवर ऐकवलं. न्यायाच्या दिवसाचा भाग सुरू झाला आणि शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, काय पडलं का गं घरात? असा त्यातला ढोल, आणि अशा त्यातल्या तुताऱ्या. पण ते सगळं वादळ संपलं की शेवटी एकटी बाई उभी राहते. वाद्यं थांबलेली असतात, मागे बाकीचे अगदी बारीक आवाजात गात असतात. ती देवाला म्हणते, मला सोडव. आणि तिचा स्वर वर वर जाऊन सगळ्यात उंच ठिकाणी सगळ्यात हळू होतो.

"हे तू गायचंस," हे तेव्हा म्हणाले. "एकदा तरी. आपल्या नाशकात. मला समोर उभं राहून ऐकायचंय."

नवीन लग्न झालेली बाई अशा वेळी लाजते. मी लाजले नाही, मी म्हणाले, "मेलेल्यांचं गाणं मला कशाला देताय, एखादं बरं द्या की." पण मनात ते जाऊन बसलं ते बसलंच.

मग संसार झाला. हे सातपूरच्या कारखान्यात मशिनवर, मी शाळेत मराठी शिकवायला. कारखान्यातला तो खडखडाट ऐकून माणसं तिशीत बहिरी व्हायची. यांनी कानात कापूस घातल्याशिवाय एक पाळी केली नाही. सोबतचे चिडवायचे, नवरीसारखा कान झाकून बसतो म्हणून. गणपतीत ढोलपथक गल्लीत शिरलं की हे मागच्या दाराने गायब. लग्नाला गेलो तर डीजेपासून लांब, जेवणाच्या मांडवात. स्वतःच्या पुतण्याच्या वरातीत हा माणूस कानात बोटं घालून चालला होता, आणि पाहुण्यांना वाटलं रुसलाय. "डोळे गेले तर तू वाचून दाखवशील," हे मला म्हणायचे, "पाय गेले तर खुर्ची आणू. कान गेले तर तू काय करणार आहेस?" मी म्हणायची, "सुखाने बडबडेन, दुसरं काय."

काय काय बोलून जातो माणूस.

निवृत्त झाल्यावर यांनी ते रेक्विएम खरोखरच काढलं. सगळं नाही झेपणार, मोजके भाग घेऊ, असं ठरलं. लॅटिन शब्द देवनागरीत लिहून सगळ्यांना वाटले. पाळकसाहेबांनी आधी खोडा घातला. "मास्तर, आपण प्रॉटेस्टंट. मेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करत नाही. मेलेल्याचं जे व्हायचं ते देवाच्या हातात." हे म्हणाले, "साहेब, मग जिवंत माणसांसाठी म्हणतो. पण चाल हीच." शेवटी तोडगा निघाला की देवळात नको, बाहेर हॉल घेऊन करा, गाणं म्हणून करा. पाळकसाहेब पहिल्या रांगेत बसायला तयार झाले.

आता शंभर वाजवणारे नाशकात कुठून आणायचे? व्हायोलिनवाली दोन-चार मुलं मिळाली, एक कीबोर्ड होता. तुताऱ्यांसाठी आणि मोठ्या ढोलासाठी हे सरळ पंचवटीत गेले आणि लग्नातल्या बँडवाल्यांना घेऊन आले. त्यांचा म्होरक्या पिकल्या मिशांचा, ट्रम्पेट वाजवणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणाला, "मास्तर, आम्ही वरातीला वाजवतो, मयतालाबी वाजवतो. पण मयत झालेलं नसताना मयताचं वाजवायचं, हे आम्हाला नवीन हाय." मग त्याने न्यायाच्या दिवसाच्या तुताऱ्या एकदा ऐकल्या आणि म्हणाला, "लय भारी हाय राव. ह्याला तर देवसुद्धा उठून बसंल." त्या दिवसापासून हे आणि तो जिवाभावाचे झाले. ज्या ढोलापासून हा माणूस जन्मभर पळाला तोच ढोल त्याने विनवणी करून तालमीत आणला.

तालमी रंगात आल्या आणि यांना लघवीतून रक्त गेलं.

आधी यांनी ते लपवलं. मग मला कळलं, मग डॉक्टर, तपासण्या. लघवीच्या पिशवीत गाठ. वाईट जातीची, पण आटोक्यातली. ऑपरेशनच्या आधी केमोचे डोस द्यायचे, काही आठवड्यांच्या अंतराने. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. म्हणाले, "हे औषध सगळ्यात जोरकस आहे. फक्त किडनीवर आणि कानांवर लक्ष ठेवावं लागेल. कानांवर परिणाम झालाच तर वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. काहींना काहीच होत नाही. पण जे जातं ते परत येत नाही."

दुसरं औषध नाही का, असं यांनी विचारलं. आहे, पण त्याच्यावर इतकी खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात कधी पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे हेसुद्धा या माणसाने मला विचारलं नव्हतं. "तू सांग," म्हणाले.

मी काय सांगणार होते? कुठलीही बाई काय सांगेल? मी म्हणाले, "माणूस राहिला पाहिजे. कानांचं मग बघू."

आम्ही रिक्षात बसलो. सीबीएस स्टँडच्या सिग्नलला हे म्हणाले, "कान गेल्यावर जो राहील तो कोण असेल, तेवढं बघून घे म्हणजे झालं." मी त्यांच्यावर इतकी ओरडले की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. ओरडण्याखेरीज माझ्या हातात होतं काय!

क्वायरमधल्या बायका घरी येऊन रडल्या. मग एकीने हळूच विषय काढला की मास्तरांची तब्येत अशी, आणि आपण मेलेल्यांचं गाणं गात बसायचं, बरं दिसतं का? अपशकून नको. हे आतून ओरडले, "एक ना एक दिवस सगळ्यांना लागणारच आहे ते. आधी शिकून ठेवा!" झालं, तालमी चालू राहिल्या. हॉल जानेवारीतला मिळाला होता. हिशेबाने तिसरा डोस त्याच्या आधी यायचा आणि शेवटचा त्याच्या नंतर. तोपर्यंत कान टिकले की पुरे, एवढंच आम्हाला हवं होतं. दुसरं काही मी देवाजवळ मागतसुद्धा नव्हते, गाठीचंही नाही. जास्त मागितलं तर तो दोन्ही देणार नाही, अशी माझी आपली भीती.

पहिला डोस झाला. उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली, नाकाला वास येईना, केस गेले. कान शाबूत. तालमीत आम्हा वरच्या पट्टीतल्या बायकांना नेहमीसारखंच फैलावर घेतलं. "पंचवटीच्या भाजी बाजारात बायका याहून सुरात ओरडतात!" आम्ही रागावलो आणि मी मनात म्हटलं, देवा, तुझे उपकार.

दुसऱ्या डोसनंतर मात्र नवल झालं. मास्तर आम्हाला बोलेनासे झाले. पुरुषांना रागवायचे, बँडवाल्यांशी हुज्जत घालायचे, पण आमच्याकडे वळले की चेहरा शांत, ताल धरलेला, जणू सगळं मनासारखं चाललंय. पहिल्या शनिवारी आम्ही एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या शनिवारी कुजबूज झाली. तिसऱ्या शनिवारी एकीने चक्क घरचा केक करून आणला. आयुष्यभर शिव्या खाल्लेल्या बायका आम्ही, आम्हाला वाटलं, झालं, जमलं! आमचा सूर लागला! चहाबरोबर केक खाताना एक म्हणाली, "मास्तरांकडून चूक निघत नाही म्हणजे आता स्वर्गात गायला हरकत नाही." आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. मी तर घरी येताना चढाने म्हणाले, "काय मास्तर, आता काही बोलायला जागा नाही ना?" हे नुसते हसले.

आणि मला कळलं ते स्वयंपाकघरात.

मी दळण आणायला निघाले होते. यांना सांगून गेले की तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. हे तिथेच ओट्याजवळ स्टुलावर बसून रेक्विएमची वही चाळत होते. परत आले तर जिन्यातच करपल्याचा वास. डाळीचा कोळसा, हे तसेच स्टुलावर. "शिट्टी झालीच नाही," म्हणाले. मी म्हटलं, नसेल झाली, जुना कुकर आहे. दुसऱ्या दिवशी हे भांडी बाजारात जाऊन नवी शिट्टी घेऊन आले, रबरही बदललं. मी कुकर चढवला. नव्या शिट्टीने अख्खी बिल्डिंग दणाणली. आणि हे बाहेरून मला विचारतायत, "अगं, ही पण बिघडलेलीच दिली की काय त्याने?"

मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. गॅस बंद करायचंही सुचलं नाही. मला आधी डाळ आठवली नाही, गाठ आठवली नाही. मला तो केक आठवला.

शनिवारी तालमीत मी नीट ऐकलं. आम्ही घसरत होतो, साफ घसरत होतो. त्या शेवटच्या भागात मागे गाणाऱ्या बायका माझ्याखाली हळूहळू उतरत चालल्या होत्या. आणि मास्तर ज्या चेहऱ्याने ताल धरून उभे होते त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मग त्यांनी हात थांबवला आणि खर्जात गाणाऱ्या बेसवाल्या पुरुषांना म्हणाले, "तिसऱ्या ओळीत तुम्ही केसभर खाली गेलात." तेवढं बरोबर ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवळातल्या रविवारच्या भक्तीहून परत येताना मी विचारलं. चालत होतो आम्ही. त्यांना ऐकू यावं म्हणून मला रस्त्यात मोठ्याने विचारावं लागलं, आणि मोठ्याने विचारण्यासारखा प्रश्न नव्हता तो.

"माहीत आहे मला," हे म्हणाले. "दुसऱ्या डोसनंतर चार-पाच दिवसांत झालं. कानात सारखी शिट्टी वाजते, गंमत बघ, तुम्हा बायकांच्या पट्टीतच वाजते. तिच्या वरचं काही येत नाही. खालचं सगळं ऐकू येतं, ढोल तर फारच छान."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही तालीम बंद केली असती."

खरं होतं. मी केलीच असती बंद. मला ओरडायचंही होतं आणि रडायचंही, आणि भर रस्त्यात दोन्ही करता येईना.

मग यांनी मला काम लावून दिलं. वरच्या पट्टीचे कान आता तू. चुकलं तर तू सांग. पण का, ते कुणाला सांगायचं नाही. त्यांना कळलं की मास्तरांना आपलं ऐकू येत नाही, तर त्या गाणार नाहीत, रडतील.

मी सांगायला लागले आणि माझं कंबख्त नशीब बघा! ज्या बायकांबरोबर मी जन्मभर मास्तरांच्या कागाळ्या केल्या त्या माझ्यावरच उलटल्या. "मास्तरांना चालतंय, आणि ह्या निघाल्या मास्तरीणबाई!" एक म्हणाली. "नवरा आजारी पडला तर हिने गादी बळकावली," असंही माझ्या कानावर आलं. मला म्हणावंसं वाटायचं, अगं बयांनो, त्याला तुमचा आवाजच पोचत नाहीये, तुमचाही नाही आणि माझाही नाही. दात ओठ खाऊन मी म्हणायची, "चौथ्या ओळीत उतरतोय आपण, पुन्हा घेऊ." त्या पुन्हा घ्यायच्या, तोंडं वाकडी करून. तोंडं मात्र यांना दिसायची. "काय झालं?" असं हे मला डोळ्यांनी विचारायचे, आणि मी मानेने म्हणायची, काही नाही.

तिसऱ्या डोसच्या आधी डॉक्टरांना आम्ही कानांचं सांगितलं. त्यांनी तपासणी करून घेतली. कागदावरची रेघ डावीकडे, खालच्या पट्टीत, सरळ होती आणि उजवीकडे, वरच्या पट्टीत, दरीत पडावी तशी खाली गेलेली. डॉक्टरांचाही चेहरा पडला. म्हणाले, औषध बदलू शकतो, पण गाठ या औषधाला छान दाद देतेय, आता बदलावं असं मला वाटत नाही. निर्णय तुमचा. यांनी विचारलं, "डोस जानेवारीनंतर घेतला तर?" डॉक्टर म्हणाले, "इतकं थांबू नये." पुन्हा हे माझ्याकडे बघायला लागले. मी या वेळी खाली फरशीकडे बघत बसले. माझं गप्प बसणं हाच त्यांनी होकार धरला.

डोसच्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसले होते. हे मांडीवर ती रेक्विएमची वही उघडून बसलेले, एक हात सलाईनला बांधलेला, दुसऱ्या हाताचं बोट पानावर ताल धरत चाललेलं. वर बाटलीतून थेंब पडत होता. एकेक थेंब आत जात होता आणि मला वाटत होतं, हात घालून ती नळी मुरगळावी, बंद करावी. मध्येच थेंब खरंच अडकला. आणि मीच ओरडले, "सिस्टर, सिस्टर! सलाईन थांबलं!" सिस्टरने येऊन नळीला टिचकी मारली, थेंब पुन्हा सुरू झाला. मी तिला थँक्यू म्हणाले. बाहेर जाऊन बेसिनपाशी उभं राहून मी तोंडावर पाणी मारलं, आणि पाणी मारता मारता रडले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. डोस पुरे झाले, ऑपरेशन झालं, गाठ गेली. हे आहेत, आत्ता समोर बसून मटार सोलतायत आणि निम्मे तोंडात टाकतायत. शेवटच्या डोसने कानांत जे काही उरलंसुरलं होतं तेही जवळजवळ सगळं नेलं. कानाला मशीन लावलं आहे, त्यातून कुकर आणि माझा आवाज सारखाच येतो म्हणतात. आम्ही आता पाटीवर लिहून भांडतो.

तर कार्यक्रम. जानेवारीतली नाशकातली थंडी, यांच्या डोक्यावर माकडटोपी, ती मी स्टेजवर जायच्या आधी ओढून काढली. बँडवाले लग्नाच्या लाल कोटात आणि सोनेरी झालरीत आले होते. मी म्हटलं, अहो, मयताचं गाणं ना? म्होरक्या म्हणाला, "ताई, आमच्याकडं एवढाच चांगला ड्रेस हाय." हॉल बऱ्यापैकी भरला होता. पाळकसाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून.

न्यायाचा दिवस आला. वरच्या गॅलरीत उभ्या केलेल्या ट्रम्पेटवाल्यांनी जे काही वाजवलं, आणि खाली जो ढोल बडवला गेला, त्याने खुर्च्या हलल्या. एक लहान मूल किंचाळून रडायला लागलं. मास्तरांचा चेहरा फुलून आला होता. जन्मभर ज्याच्यापासून पळाले तेवढंच आता नीट ऐकू येत होतं, आणि ते त्यात न्हाऊन निघत होते. लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. अशा वेळी वाजवायच्या नसतात म्हणे, पण आमच्या लोकांनी वाजवल्या आणि मला बरं वाटलं.

मग ते सगळं थांबलं. शेवटचा भाग आला. मी दोन पावलं पुढे येऊन उभी राहिले, यांच्या अगदी समोर. याच्यासाठी सगळा खटाटोप होता. मला समोर उभं राहून ऐकायचंय, म्हणाले होते. आता समोर उभे होते.

मी सुरू केलं. जसं शिकवलं होतं तसं, हळू. माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता, हे मी कुणाच्या बापाला न घाबरता सांगते. मागे बायका जराही घसरल्या नाहीत. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मास्तर माझ्या ओठांकडे बघत होते. आणि त्यांचा डावा हात हलला. तळहात वर.

मला वाटलं, चुकून. मी तसंच गात राहिले. तळहात पुन्हा वर. वाढव.

मी वाढवलं. तळहात अजून वर. मी आणखी वाढवलं. जी जागा हळू गायला मला उभा जन्म शिकवली, त्या जागी मी आता दमसास लावून गात होते. मागच्या बायका गोंधळल्या, एकीने माझा पदर ओढला. पाळकसाहेबांनी चमकून वर पाहिलं. सगळ्यांना वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं, एवढं सुंदर चाललेलं नासवून टाकलं. तळहात वरच होता. हा माणूस ताल सोडून, सगळं सोडून माझ्या तोंडाकडे बघत हात वर करत होता, दे, अजून दे. आणि माझ्याजवळ आणखी नव्हतं. गळ्यात जेवढं होतं तेवढं सगळं दिलं होतं मी. समोर हातभर अंतरावर उभा होता आणि त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मग मी श्वास घेतला, पुढे सरकले, त्यांच्या वहीच्या स्टँडला माझं पोट लागलं इतकी, आणि तीच ओळ खालच्या सप्तकात घेतली. लिहिलंय त्याच्या पार खाली, ज्या आवाजात मी भाकरी थापताना गुणगुणते त्या आवाजात. बायकांच्या गाण्यात तसं कुणी करत नाही. चुकीचंच होतं ते.

हात थांबला.

यांनी मान जराशी कलती केली, कारखान्यात मशिनचा आवाज ऐकायला करायचे तशी. डोळे माझ्या ओठांवरून निघून डोळ्यांवर आले. मी गातच होते, घाबरून, मोठ्याने, थांबले तर संपेल म्हणून. आणि मग तो तळहात सावकाश उलटा झाला आणि खाली दाबला गेला. हळू. अजून हळू.

मी त्या दिवशी भांडले नाही. जितकं हळू गाता येईल तितकं हळू गायले.